पाचवा गुडघा

९ जानेवारी

चिमणे,

मी चिडलेली आहे आणि समोर तूच सापडली आहेस, तेव्हा आधी बसून घे. फोन केला असता तर निम्मं मला ऐकू आलं नसतं. बत्तीस वर्षं शिलाई मशीनच्या खोलीत काढल्यावर कान उरतात ते डूल अडकवायला. आणि फोनवर हे शेजारी उभं राहून मध्ये मध्ये बोलतात. म्हणून पत्र, नेहमीसारखं.

उजव्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवून चौदा महिने झाले. पहिल्या चार महिन्यांत मी तुला काय काय लिहिलं होतं आठवतंय? जिने चढते, टेबलाशी दिवसभर उभी राहते, गणवेशाच्या कापडाचे चाळीस थर एका दमात कापते. मग एक दिवस गुडघा गरम लागला. डाव्याला हात लावला, उजव्याला लावला, उजवा गरम. आता जुन्या टाक्यांच्या खालच्या टोकाला भोक पडलंय, खडूच्या टोकाएवढं. त्यातून पिवळट पाणी येतं. दिवसातून दोनदा पट्टी बदलते आणि कारखान्यात गडद कपडे घालून जाते.

डॉक्टर म्हणतो, "मावशी, वरवरचं आहे, धीर धरा," आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून देतो. ही चौथी खेप. दहा दिवस गोळ्या घेतल्या की भोक सुकतं, पंधरा दिवसांनी पुन्हा उघडतं. परवा मी विचारलं की आत काय आहे ते बघायचं नाही का. तर माझ्याकडे न बघता म्हणाला की एक्स-रे छान आलाय. माझा लग्नातला फोटोही छान आलाय, चिमणे. त्यावरून काही कळतं का?

आणि मी त्याची मावशी नाही.

तू एवढी वर्षं हाडांच्या वॉर्डात मुख्य परिचारिका आहेस. त्याच्याकडे जाऊ का म्हणून मी तुलाच विचारलं होतं. हात चांगला आहे म्हणालीस. मग आता सांग काय करू, आणि गोडगोड लिहू नकोस.

आक्का

१५ जानेवारी

आक्का,

गोडगोड लिहायची माझी मनःस्थिती नाही. तुझं पत्र वॉर्डच्या टेबलावर वाचलं आणि हातातला इंजेक्शनचा ट्रे इतक्या जोरात ठेवला की दोन पेशंट दचकले.

चार खेपा. सुईने पाणी काढून न तपासता चार खेपा. आमच्याकडे असं कोणी केलं तर मी त्याला वॉर्डात पाऊल ठेवू देणार नाही.

नीट समजून घे. जंतू रक्तात असतो तोवर गोळी त्याला गाठते. तो धातूवर जाऊन बसला की स्वतःभोवती चिकट थर बांधतो. मोरीच्या फरशीवर बुळबुळीत थर धरतो ना, तसा. वरून बादल्या ओतल्या तरी तो घासल्याशिवाय निघत नाही. गोळ्यांनी वरवरचे जंतू मरतात, भोक सुकतं, तुला वाटतं बरं झालं. खालचे तसेच बसलेले असतात, आणि दर खेपेला त्यातले जे औषधाला दाद देत नाहीत ते मागे राहून वाढतात. म्हणजे त्याने चार वेळा गोळ्या देऊन तुझ्या गुडघ्यातले दांडगे तेवढे निवडून ठेवले.

आता मी सांगते तसं कर. आजपासून दोन आठवडे अँटिबायोटिकची एकही गोळी पोटात जाता कामा नये, नाहीतर तपासणीत जंतू वाढतच नाहीत आणि सगळं फुकट जातं. मग त्याच्यासमोर बस आणि सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासायला पाठवायला सांग. भोकावरचा पू पुसून घेतला तर चालणार नाही म्हणावं, तिथे कातडीवरचे भलतेच जंतू सापडतात. नाही म्हणाला तर उठू नकोस. ताप आला किंवा थंडी वाजून आली तर मात्र दोन आठवड्यांची वाट बघायची नाही, सरळ माझ्याकडे यायचं.

भावोजींना हे पत्र वाचायला दे. त्यांना तुझं दुखणं बघवत नाही आणि मग ते काहीतरी करून बसतात.

चिमणी

१२ फेब्रुवारी

चिमणे,

झालं तुझं समाधान? त्याच्यासमोर बसले, उठणार नाही म्हणाले, सुई टोचून घेतली. आठ दिवसांनी अहवाल आला. त्यात लिहिलंय: वाढ आढळली नाही.

त्याने तो कागद बाहेर आणून, रांगेत बसलेल्या सगळ्यांच्या देखत मला दाखवला. हसत म्हणाला, "नात्यात कुणी नर्स असली की हे असं होतं." आणि लोक हसले. मी साठी ओलांडलेली बाई, मान खाली घालून चपला शोधत होते आणि वाकता येत नव्हतं, तर त्याच्या शिपायाने त्या माझ्या पायापाशी सरकवल्या.

पाचवी खेप लिहून दिली आहे. पण गुडघा तसाच आहे. कालपासून जिना बसून उतरते, एकेक पायरी, लहान पोरासारखी. मला तुझा राग आलाय. तुझ्या शब्दावर जाऊन मी स्वतःचं हसं करून घेतलं.

आक्का

१७ फेब्रुवारी

आक्का,

एकच विचारते. खरं उत्तर दे, आणि ते तुझ्या हातचं असू दे, भावोजींना मध्ये घेऊ नकोस. सुई टोचायच्या आधीच्या दोन आठवड्यांत तू काय काय गिळलंस?

पाचव्या खेपेला हात लावू नकोस.

चिमणी

२५ फेब्रुवारी

चिमणे,

पाच दिवस हे पत्र लिहीन लिहीन म्हणत होते.

तुझं पत्र आल्यावर गोळ्या बंद केल्या. सातव्या दिवशी ताप चढला. रात्रंदिवस कण्हत होते म्हणे, मला माझा आवाज ऐकू येत नाही, पण यांना येतो. हे उठले, जुनी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले आणि पाकीट घेऊन आले. मला माहीत होतं ती कसली गोळी आहे. दोन आठवड्यांचं गणितही माहीत होतं. तरी घेतली. चार दिवस घेतली. ताप उतरला, झोप लागली, आणि मग वाटलं चार दिवसांनी काय होतंय. डॉक्टरने सुई टोचण्याआधी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

यांच्यावर रागावू नकोस. मी रागवायचं तेवढं रागावून झालेय. तुम्हाला ऐकवत नव्हतं तर कानात बोळे घालायचे होते, असंसुद्धा बोलून गेले. ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला विचारल्याशिवाय केलेली ही एवढी एकच गोष्ट, आणि तीही माझ्यासाठीच.

आता ताप पुन्हा आहे. भोकं दोन झाली. मी तुझ्याकडे येते. तुझ्या वॉर्डात एक खाट धरून ठेव. मुलगा गाडी करतोय.

आक्का

२ जून

चिमणे,

घरी येऊन बारा दिवस झाले. एवढे दिवस तुला दोन ओळीही लिहिल्या नाहीत, आणि तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. तू समजत असशील की थकली असेल. थकलेय. पण उत्तर त्यामुळे राहिलं नव्हतं.

तुझ्या वॉर्डात मी अकरा आठवडे होते. तू माझं केलंस ते दुसऱ्या कुणाची बहीण करणार नाही. तुमच्या मोठ्या डॉक्टरांनी सांधा उघडला, पाच ठिकाणचे तुकडे तपासायला दिले, पाचांतही तोच जंतू वाढला. नेहमीच्या औषधांतल्या एकालाही न जुमानणारा. धातू काढून टाकला, औषध कालवलेला सिमेंटचा ठोकळा घातला. जखम धड भरेना, दुसऱ्यांदा उघडून धुतली, ठोकळा बदलला. मग सहा आठवडे रोज दोनदा शिरेतून औषध. ते जरा भरभर सोडलं की माझी मान लाल व्हायची आणि तू त्या मुलींना झापायचीस. नारिंगी लघवी बघून मी घाबरले तेव्हा तू हसलीस, गोळीचा रंग आहे म्हणालीस. हे सगळं मला आठवतंय. म्हणूनच जास्त संताप येतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आठवतात ना. डावा गुडघा. मी येण्याआधी पाच आठवडे तिथे होत्या. जायच्या आदल्या दिवशी त्या माझ्या खाटेवर येऊन बसल्या, माझ्या कानाजवळ तोंड आणलं आणि विचारलं, तुमचा सांधा कोणी बसवला. मी सांगितलं. त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "माझाही त्यांनीच. तुमच्या बहिणीच्या निळ्या वहीत मी चौथी आहे. तुम्ही पाचव्या असाल."

दुसऱ्या दिवशी तू पाणी आणायला गेलीस तेव्हा मी तुझ्या टेबलापर्यंत काठ्या टेकत गेले. तू वही कुलपात ठेवत नाहीस. पाच नावं आहेत. पाचांपुढे तोच डॉक्टर, तोच जंतू, कोणती औषधं चालत नाहीत त्याच्या त्याच फुल्या. पहिल्या दोन नावांसमोरच्या तारखा माझ्या ऑपरेशनच्या आधीच्या आहेत. एक पाच महिने आधीची, एक तीन महिने.

तीन महिने आधी. मी तुला विचारलं त्याच्या आधी.

बेतताना कापडाच्या गठ्ठ्यात एक थर डागाळलेला दिसला तर मी पातं थांबवते. मग वरचा थर कितीही छान असो. मी साधी कापड कापणारी बाई आहे. तुला दोन थर डागाळलेले दिसले आणि तू म्हणालीस, आक्का, हात चांगला आहे त्याचा.

का ते लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

आक्का

१० जून

आक्का,

तू विचारलंस तेव्हा वहीत दोन नावं होती. हे खरं आहे.

पहिला पेशंट आला तेव्हा मला काही वाटलं नाही, सांध्यात जंतू शंभरात एखाद्याच्या जातातच, कितीही काळजी घेतली तरी. दुसरी आली आणि तिचा जंतू पहिल्यासारखाच निघाला, तेव्हा मी आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. म्हटलं, सर, हे एकाच ठिकाणहून येतंय. ते म्हणाले की दोन म्हणजे योगायोग, आणि तो माझ्या वर्गातला आहे, त्याला मी ओळखतो, सिस्टर, तुम्ही वॉर्ड सांभाळा. मी वही घेऊन परत आले.

मग तुझं पत्र आलं. गुडघा घासलाय, त्या डॉक्टरकडे जाऊ का. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. नको म्हणाले असते तर तू का म्हणून विचारलं असतंस, तू विचारल्याशिवाय सोडत नाहीस. मग मला एक तर खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर जे सरांनी योगायोग म्हणून मिटवलं ते लेखी द्यावं लागलं असतं. मला योगायोगच हवा होता, आक्का. तेव्हा माझी बढती अडकली होती, तेही होतं. हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. त्याचा हात खरंच चांगला आहे, हेही खरं होतं, आणि मी तेवढंच लिहिलं.

तुझं ऑपरेशन झालं त्यानंतर दोन महिन्यांनी तिसरा आला. तेव्हापासून प्रत्येक पत्रात मी तुला जखम कशी आहे विचारत होते. तुला वाटत असेल माया. मी जानेवारीत तुझ्यावर आणि त्याच्यावर एवढी आरडाओरड केली, तेव्हा निम्मा राग माझ्यावर होता आणि तो मी त्याच्या नावावर खपवला.

माफी मागायला तोंड नाही म्हणून मागत नाही.

चिमणी

१ जुलै

चिमणे,

वाचलं. पाच वेळा वाचलं.

मी चार गोळ्या लपवल्या तर तू मला फैलावर घेतलंस. मी ऐकून घेतलं, चूक होती माझी. पण त्या चार गोळ्यांमुळे फक्त माझाच गुडघा नासत होता. तुझ्या वहीमुळे किती? माझ्यानंतर त्याने किती गुडघे बसवले असतील? आठवड्याला पाच धर. आज सकाळीही बसवत असेल.

मला तुझं रडगाणं नको. ती वही घे, सगळं एका कागदावर लिही, खाली स्वतःचं नाव घाल आणि आरोग्य खात्याकडे पाठव. सरांकडे नाही. पाठवलंस की कळव. तोवर माझ्या पायाची चौकशी करू नकोस.

आक्का

२० ऑगस्ट

आक्का,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी पाठवलं. उत्तर यायला वेळ लागला म्हणून कळवलं नाही, नुसतं "पाठवलं" लिहिलं असतं तर तुझा विश्वास बसला नसता.

खात्याची दोन माणसं तिथे गेली. शस्त्रक्रियेची खोली, हत्यारं उकळायचं यंत्र, हवेची जाळी, हात धुवायचे नळ, सगळं तपासलं. काही सापडलं नाही, खोली आमच्यापेक्षा स्वच्छ आहे म्हणाले. मग उरली माणसं. असला जंतू कुणाच्या नाकात वर्षानुवर्षं राहू शकतो, त्या माणसाला शिंकही येत नाही. म्हणून खोलीत उभं राहणाऱ्या प्रत्येकाने नाकात कापसाची काडी फिरवून द्यायची असं ठरलं. पाच सेकंदांचं काम. भूल देणाऱ्या बाईंनी दिली, परिचारिकांनी दिली, फरशी पुसणाऱ्या माणसानेही दिली. सगळ्यांची साफ निघाली.

त्याने दिली नाही. म्हणतो, माझ्यावर संशय घेणं हा माझा अपमान आहे. खात्याला सक्ती करता येत नाही, विनंतीची पत्रं जातायत. आणि तो ऑपरेशनं करतोय.

मला वॉर्डातून हलवलंय. चादरी आणि टॉवेल मोजायच्या खोलीत बसते. सरांनी समोर बोलावून एवढंच विचारलं, की आपसात बोलता आलं नसतं का. मी म्हटलं, बोलले होते सर, तुम्हीच म्हणालात वॉर्ड सांभाळा. हे मी उभ्याने म्हणाले आणि आवाज कापला नाही. तुला आवडेल म्हणून सांगितलं.

तू म्हणालीस म्हणून पायाचं विचारत नाही.

चिमणी

८ सप्टेंबर

चिमणे,

काडी दिली त्याने. कशी दिली ते सांगते.

सोमवारी सकाळी मुलाला म्हटलं, मला त्याच्या दवाखान्यात सोड आणि कामाला जा. आत गेले, पहिल्या बाकावर बसले आणि पट्ट्याने ताठ बांधलेला पाय सरळ पुढे केला. तो वाकतच नाही, मी तरी काय करू. येणाऱ्या प्रत्येकाला तो ओलांडून जावं लागत होतं. माणसं विचारत होती, काय झालं आजी? मी सांगत होते. काही वाढवून नाही, काही घालून नाही. सांधा बसवला, जंतू गेला, पाच खेपा गोळ्या लिहिल्या, सांधा काढला, सिमेंट घातलं, असे आणखी चार जण आहेत, सगळ्यांनी नाकाची तपासणी दिली आणि डॉक्टरांनी नाही. दुपारपर्यंत तीन जण ऑपरेशनची तारीख न घेता उठून गेले. नावनोंदणीच्या टेबलावरची बाई दोनदा म्हणाली, आजी आत सोफ्यावर बसा. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही.

मंगळवारी पुन्हा गेले. बुधवारी त्याने आत बोलावलं.

मी बसले. तो उभा होता. म्हणाला, "मावशी, वीस वर्षांचं नाव आहे माझं. तुम्ही ते मातीत घालताय."

मी म्हटलं, "मी तुमची मावशी नाही. पेशंट आहे. कागदावर माझं नाव आहे ते वाचा."

तो कागद चाळायला लागला. मग म्हणाला की त्याने आजवर अकराशे गुडघे बसवलेत, आणि अकराशेंत पाच म्हणजे जगात कुठेही दाखवावं असं काम आहे. हे त्याने पाठ केल्यासारखं म्हटलं, पण आवाज खाली गेला होता.

"त्या पाचांतली एक तुमच्यासमोर बसलीय," मी म्हटलं. "तुमच्याकडून झालं असेल तर ते तुम्हाला माहीत नव्हतं, मला कळतं ते. आता विचारलंय. आता माहीत करून घ्यायचं नाही म्हणालात, तर सहावा तुम्ही जाणूनबुजून केलात असं होईल."

त्याने माझे कागद मिटून टेबलावर ठेवले. मग विचारलं, नाकाचं तुम्हाला कोणी सांगितलं. मी तुझं नाव सांगितलं. लपवायचा कंटाळा आलाय मला. तुझ्यावर आणखी काही येणार असेल तर येऊ दे, तू आता चादरीच मोजतेस.

गुरुवारी त्याने काडी दिली. टेबलावरच्या बाईनेच फोन करून यांना सांगितलं. ती म्हणाली, आजींना सांगा.

पाय गरम आहे पुन्हा. थोडासा. हे तुला विचारायची परवानगी देत नाहीये, नुसतं कळवतेय.

आक्का

१४ ऑक्टोबर

आक्का,

अहवाल आला. त्याच्या नाकात तोच जंतू आहे. खात्याच्या प्रयोगशाळेने पाचही पेशंटच्या जंतूंशी ताडून बघितला, चारांशी एकाच वंशाचा निघाला. तू त्या चारांत आहेस. उरलेल्या एकाचा वेगळा होता, तो कुठून आला कुणाला सांगता येणार नाही.

त्याला ऑपरेशनं थांबवायला सांगितलं. उपाय काय आहे ते लिहायची मला लाज वाटतेय, पण तुला कळलंच पाहिजे. नाकात लावायचं मलम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. सोबत अंगाला लावायचा जंतुनाशक साबण. मग पुन्हा तपासणी. साफ निघाली की तो कामावर.

आता तुझा पाय. मागच्या आठवड्यात सुईने काढलेल्या पाण्यात जंतू पुन्हा वाढलाय. मोठ्या डॉक्टरांनी तुला तीन वाटा सांगितल्यात असं भावोजींनी कळवलं. पुन्हा उघडून धुवायचं, नवा ठोकळा घालून नव्या सांध्याची आशा धरायची. किंवा जन्मभर गोळ्या खाऊन त्याला दाबून ठेवायचं, त्याला दबणारं औषध मिळेल तोवर. किंवा सगळं काढून मांडीचं आणि पायाचं हाड आतून सळई घालून जोडून टाकायचं. मग पाय कधीच वाकणार नाही, पण तू त्यावर उभी राहशील, आणि जंतूला बुळबुळ धरायला जागा कमी. सळई धातूचीच असते, म्हणून खात्री शंभर टक्के नाही.

कुठली वाट घ्यावी हे मी सांगणार नाही. मागे एकदा सांगितलं होतं.

चिमणी

२० डिसेंबर

चिमणे,

हाडं जोडून घेतली. तुझ्याच इस्पितळात, तू खालच्या मजल्यावर चादरी मोजत असताना. तू रोज दुपारी येऊन दारातून बघून जात होतीस, आत येत नव्हतीस. मला दिसत होतं. कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. मी तुला आत बोलावलं नाही, कारण बोलावलं असतं तर मी रडले असते आणि तुला वाटलं असतं सगळं मिटलं.

आठ आठवडे झाले, भोक नाही, ताप नाही, रक्ताची तपासणी उतरतीला लागलीय. मोठे डॉक्टर म्हणतात वर्षभर बघू. पाय लाकडासारखा सरळ. खुर्चीत बसले की समोर आडवा होतो आणि हे तीनदा अडखळलेत. बसमध्ये दोन जागा लागतात. चपला काठीने ओढून घेते. कारखान्यात परवा जाऊन आले. माझं टेबल मी उभ्यानेच वापरायचे, त्यामुळे काम जमतं. अर्धा दिवस जाणार आहे. पहिल्याच दिवशी वीस थर कापले, पातं कुठे भरकटलं नाही. मग मागे स्वच्छतागृहात जाऊन दार लावलं आणि भिंतीवर मुठी आपटल्या. मला ऐकू आलं नाही, पण बाहेर आल्यावर सगळ्याजणी खाली बघून शिवत होत्या, तेव्हा जोरात आपटल्या असतील.

तो डॉक्टर कामावर आलाय. नाक साफ निघालं. दर तीन महिन्यांनी तपासणार आहेत, त्याची आणि खोलीतल्या सगळ्यांची. हा नियम तुझ्या वहीमुळे झाला, हे खात्याच्या पत्रात लिहिलंय, ते मी वाचलंय. त्याने यांना फोन केला, मावशींशी बोलायचंय म्हणाला. मला ऐकू येत नाही म्हणून निरोप यांच्याजवळ द्यायला निघाला होता. मी यांना म्हटलं, निरोप घेऊ नका, त्याला लिहायला सांगा. तीन आठवडे झाले, अजून लिहिलेलं नाही.

पाच दिवसांचं मलम, चिमणे. भाजी चिरताना आठवतं, आंघोळ करताना आठवतं. पाच दिवस दोन बोटं मलम कुणीतरी वेळेवर लावलं असतं तर मी आज मांडी घालून बसले असते. त्याचा राग येतो, तुझ्या सरांचा येतो, त्या औषधवाल्याचा येतो जो जुन्या चिठ्ठीवर पाकीट देतो. तुझा सगळ्यात जास्त येतो. त्यांना मी ओळखत नाही. तुला मी कडेवर घेऊन फिरवलंय.

पण लिहून लिहून माझं भांडण होत नाहीये. मी चार पानं भरते आणि तू खाली मान घालून सगळं कबूल करतेस, तुझं पत्र वाचलं की वाटतं भिंतीशी बोलले. मला तू समोर हवीस. तुझ्याकडे बोट करून बोलायचंय मला, आणि तूही बोल. मी त्या चार गोळ्या घेतल्या नसत्या तर जंतू महिनाभर आधी सापडला असता, हे तू एकदाही लिहिलं नाहीस. ते तुझ्या मनात आहे. समोर येऊन म्हण.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. दिवसा ये, हे तेव्हा बाहेर असतात, मध्ये बोलणारं कुणी नसेल. दाराशी दिव्याचं बटण बसवून घेतलंय, दाबलं की माझ्या खोलीत दिवा लागतो, मला कळतं. मला उठून दारापर्यंत यायला वेळ लागतो आता. परत जाऊ नकोस. थांब तिथेच.

आक्का